आयटी बँड समजून रोल केला जाणारा गुडघा: एका धावपटूचं प्रकरण

हे प्रकरण एका सदतीस वर्षांच्या धावपटू बाईंचं आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. दुखणं, तपासणी आणि निर्णयांचा क्रम मात्र जसा घडला तसाच ठेवला आहे. धावणाऱ्यांमध्ये दिसणाऱ्या गुडघेदुखीत हा प्रकार फार नेहमीचा आहे, आणि तो नेहमीच्याच पद्धतीने भलत्या दिशेला जातो.

पार्श्वभूमी

त्या चार वर्षं नियमित धावत होत्या. नोकरी बैठी. आठवड्याला साधारण २५ किलोमीटर, बहुतेक सपाट रस्त्यावर, आणि आतापर्यंत दहा किलोमीटरच्या काही शर्यती पूर्ण केलेल्या. मोठी दुखापत कधी नव्हती. मग त्यांनी पहिल्या हाफ मॅरेथॉनसाठी, म्हणजे २१.१ किलोमीटरसाठी, नाव नोंदवलं आणि सराव वाढवला.

पाच आठवड्यांत आठवड्याचं अंतर २५ वरून ४२ किलोमीटरवर गेलं. रविवारचा लांब पल्ला ग्रुपसोबत चढ-उताराच्या रस्त्यावर सुरू झाला, त्यात सलग मोठा उतार होता. शिवाय आठवड्यात एक दिवस वेगाचा सराव. तिन्ही गोष्टी एकाच महिन्यात आल्या. विचारल्यावर त्या म्हणाल्या, "वाढवलं तर फार काही नाही, थोडं अंतर." अंतर त्यांच्या लक्षात होतं. उतार आणि वेग हाही वाढीव भार आहे, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

तक्रार

सहाव्या आठवड्यात उजवा गुडघा दुखू लागला. आधी चौथ्या किलोमीटरला, पुढे दुसऱ्यालाच. दुखायचं पुढच्या आणि बाहेरच्या बाजूला. जिना चढताना फारसं नाही, उतरताना जास्त. दीड-दोन तास बसून उठलं की पहिली काही पावलं जड आणि दुखरी जायची.

आमच्याकडे येण्याआधी त्यांनी तीन आठवडे धावणं पूर्ण बंद ठेवलं होतं. वेदनाशामक गोळ्या घेतल्या, नी-कॅप लावली. ग्रुपमध्ये कुणीतरी "हा आयटी बँड आहे", म्हणजे मांडीच्या बाहेरच्या बाजूच्या पट्ट्याचं दुखणं, असं सांगितल्यावर तिथे रोज फोम रोलर (फोमचा दंडगोल) फिरवला. तीन आठवड्यांत गुडघा शांत झाला. पण परत धावायला गेल्या त्याच दिवशी तिसऱ्या किलोमीटरला दुखणं हजर. एक्स-रे काढून झाला होता, तो ठीक होता. आता त्यांना एमआरआय हवा होता आणि एका प्रश्नाचं उत्तर हवं होतं: "गुडघे झिजत तर नाहीयेत ना?"

शर्यतीला अकरा आठवडे उरले होते.

मांडीत नेमकं काय आहे

हे प्रकरण समजायचं तर मांडीची रचना थोडी सविस्तर पाहावी लागते, कारण पुढचे सगळे निर्णय तिच्यावरच ठरले.

मांडीच्या पुढच्या बाजूला क्वाड्रिसेप्स, म्हणजे चार भागांचा स्नायू. त्यातले तीन भाग (बाहेरचा, आतला आणि मधला) मांडीच्या हाडावरून निघतात. चौथा, रेक्टस फिमोरिस, थेट कटीच्या हाडावरून निघतो. त्यामुळे तो एकटा खुबा आणि गुडघा असे दोन्ही सांधे ओलांडतो. चारही भाग खाली एका कंडरेत, म्हणजे स्नायू हाडाला जोडणाऱ्या चिवट दोरीत, मिळतात. त्या कंडरेत गुडघ्याची वाटी बसलेली असते आणि तिच्याखालून तीच ओढ नडगीच्या वरच्या उंचवट्यापर्यंत पोचते. कंडरेत तयार होणाऱ्या हाडांपैकी वाटी हे शरीरातलं सर्वांत मोठं. कंडरेला सांध्यापासून दूर ठेवून स्नायूची तरफ लांब करणं हे तिचं काम. त्याची किंमत म्हणजे वाटी मांडीच्या हाडावरच्या खाचेत जोरात दाबली जाते. धावताना प्रत्येक पावलाला हा दाब शरीराच्या वजनाच्या चार ते सहा पटींच्या घरात जातो, असे अंदाज आहेत.

धावताना क्वाड्रिसेप्स गुडघा सरळ करतो म्हणून थकतो, असं बऱ्याच जणांना वाटतं. त्याचं खरं मोठं काम पाय टेकल्यावर सुरू होतं. शरीराचं वजन खाली येतं, गुडघा वाकतो, आणि त्या क्षणी हा स्नायू लांब होत जात असतानाच भार आवरून धरतो. उतारावर हे आवरण्याचं काम बरंच वाढतं. सपाटीवर पाच किलोमीटर सहज धावणारी मांडी तेवढ्याच उताराला तयार असेलच असं नाही.

बाहेरच्या बाजूला आयटी बँड. हा स्नायू नाही, जाड चिवट पट्टा आहे. वर त्याला टेन्सर फॅसी लॅटी हा छोटा स्नायू आणि नितंबाच्या मोठ्या स्नायूचा बराचसा भाग जोडलेला असतो. खाली तो नडगीच्या वरच्या टोकाला, बाहेरच्या बाजूच्या उंचवट्यावर संपतो. मधल्या लांबीत तो पडद्यासारख्या ऊतींनी मांडीच्या हाडाशी बांधलेला असतो, म्हणून रोलर फिरवून तो लांब होत नाही. रोल केल्यावर बरं वाटतं, कारण त्या जागेची संवेदना काही वेळ बदलते. पट्टा तेवढाच राहतो. गुडघ्याजवळ तो हाडावर पुढे-मागे घासतो असं १९७० च्या दशकापासून मानलं जाई. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या शरीररचनेच्या अभ्यासाने मात्र दाखवलं की पट्टा हाडाशी बांधलेला असल्यामुळे तसा सरकतच नाही, त्याखालची चरबीची संवेदनशील गादी दाबली जाते. हा दाब गुडघा साधारण ३० अंश वाकलेला असताना सर्वांत जास्त असतो, म्हणजे पाय टेकल्यानंतर लगेच.

मागच्या हॅमस्ट्रिंगचा आणि आतल्या बाजूच्या अ‍ॅडक्टर स्नायूंचा या प्रकरणात मोठा भाग नाही. तपासले, ठीक होते.

तपासणी

पहिला प्रश्न: कुठे दुखतं, हाताने दाखवा. त्यांनी तळहात वाटीवर ठेवून गोल फिरवला आणि मग बाहेरच्या कडेला नेला. आयटी बँडचा रुग्ण बहुतेक वेळा एक बोट नेमक्या हाडाच्या उंचवट्यावर ठेवतो. वाटीच्या खालच्या कंडरेचं दुखणं असेल तर बोट वाटीच्या खालच्या टोकावर जातं. वाटीभोवती फिरणारा तळहात वेगळं काही सांगत असतो.

इथेच पहिला निर्णय होता. उतारावर वाढणारं, ठराविक अंतरानंतर सुरू होणारं आणि बाहेरच्या बाजूला दुखणारं हे वर्णन आयटी बँडलाही बसतं. ग्रुपमधल्या सल्ल्याला आधार नव्हता असं मुळीच नाही. फरक दाखवणाऱ्या दोन गोष्टी होत्या. बसून उठल्यावरचं दुखणं आणि खोल बसताना पुढून येणारी कळ. वाटीमागच्या सांध्याच्या दुखण्यात या दोन्ही नेहमी दिसतात, आयटी बँडमध्ये सहसा नाहीत.

बाहेरच्या हाडावर दाब देऊन गुडघा हलवल्यावर त्यांची नेहमीची वेदना आली नाही. खाली बसताना साधारण ७० अंशांपुढे दहापैकी पाच इतकी आली, तीही वाटीमागे. सूज नव्हती, गुडघा अडकत किंवा दगा देत नव्हता. खुब्याची तपासणीही केली, कारण खुबा आणि गुडघ्याला काही सामायिक नसा जातात आणि खुब्याचं दुखणं गुडघ्यात जाणवू शकतं. लांब पल्ल्याच्या धावपटूत मांडीच्या हाडाच्या मानेला ताणाने पडणारी भेग (स्ट्रेस फ्रॅक्चर) तपासणीत निसटली तर परिणाम गंभीर होतात. जांघेत दुखणं, रात्रीची वेदना, एका पायावर उडी मारताना कळ, खाणं कमी पडणं, पाळीत खंड हे सगळं विचारलं आणि पाहिलं. काहीही नव्हतं.

ताकद मोजण्याच्या हातातल्या यंत्राने उजवा क्वाड्रिसेप्स डाव्यापेक्षा २२ टक्के कमी भरला. एका पायावर खुर्चीतून उठणं डाव्या पायाने १७ वेळा जमलं, उजव्याने आठ. पायरीवरून हळू उतरताना उजवा गुडघा आत झुकत होता आणि कटी दुसऱ्या बाजूला खाली जात होती. ट्रेडमिलवर त्यांच्या नेहमीच्या वेगाला मिनिटाला १५८ पावलं पडत होती आणि पाऊल शरीराच्या बरंच पुढे टेकत होतं.

निदान: वाटी आणि मांडीच्या हाडामधल्या सांध्याचं, अतिवापराचं दुखणं.

कोणते पर्याय होते

पूर्ण विश्रांती. ती एकदा करून झाली होती. वेदना गेली, पण त्याच तीन आठवड्यांत मांडीला कामच मिळालं नाही, त्यामुळे परतल्यावर तोच रस्ता पहिल्यापेक्षा कमी तयारीच्या पायाला पेलावा लागला.

एमआरआय. यावर बराच वेळ बोलणं झालं. पाय नेमका कशाने दुखतोय हे चित्रात दिसेल अशी त्यांची अपेक्षा होती. अडचण अशी की वाटीमागच्या कूर्चेतले (सांध्यातल्या हाडावरच्या गुळगुळीत थरातले) बारीक बदल अजिबात न दुखणाऱ्या गुडघ्यातही पुष्कळदा दिसतात. कूर्चेत वेदनेच्या नसा नसतात. वेदना बहुधा वाटीखालच्या चरबीच्या गादीतून, सांध्याच्या आवरणातून, वाटीच्या कडेच्या ऊतींतून किंवा कूर्चेखालच्या हाडातून येते. अशा वेळी अहवालात "कूर्चा मऊ झाली आहे" असं वाक्य आलं, तर उपचार तोच राहतो आणि भीती वाढते. ठरवलं की सहा आठवड्यांत सुधारणा दिसली नाही, सूज आली किंवा गुडघा अडकू लागला तर एमआरआय करायचा. हे त्यांना लिहून दिलं. मला हे लिहून देणं फार महत्त्वाचं वाटतं. तपासणी नाकारली आहे असं वाटलं की माणूस मनातून उपचार सोडतो.

झीज होण्याच्या भीतीवर त्यांना २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या एकत्रित विश्लेषणातले आकडे सांगितले. हौशी धावपटूंमध्ये खुबा किंवा गुडघ्याची संधिवाती झीज साधारण ३.५ टक्के, न धावणाऱ्या बैठ्या लोकांत १०.२ टक्के. स्पर्धात्मक पातळीवर धावणाऱ्यांत ती जास्त आढळली होती, १३.३ टक्के. हे आकडे धावण्यामुळेच झीज टळते असं सिद्ध करत नाहीत, पण आठवड्याला २५ किलोमीटर धावणाऱ्या बाईंनी भीतीपोटी थांबावं असंही त्यांत काही नाही. हा आकडा ऐकल्यावर त्या पहिल्यांदा खुर्चीत मागे टेकून बसल्या.

बूट बदलणं आणि आत सोल घालणं हेही चर्चेत आलं. सोलचा फायदा काही जणांना सुरुवातीच्या काही आठवड्यांपुरता होतो. त्यांचे बूट ठीक होते, म्हणून तो पर्याय बाजूला ठेवला.

उरला तो मार्ग म्हणजे धावणं चालू ठेवून भार कमी करायचा, आणि त्याच काळात मांडी व खुब्याची ताकद वाढवायची. शर्यतीबद्दल त्या दिवशी निर्णय घेतला नाही. सहाव्या आठवड्याची तारीख ठरवली. तोवर १२ किलोमीटर दहापैकी दोनच्या आत वेदनेने जमले तर हाफ, नाहीतर त्याच दिवशीची दहा किलोमीटरची शर्यत.

काय केलं

पहिल्या दोन आठवड्यांत उतार आणि वेग पूर्ण बंद. धावणं आठवड्यातून चारदा, पण छोटं: सपाटीवर तीन किलोमीटर, मध्ये चालणं. नियम एकच, धावताना वेदना दोनपर्यंत चालेल आणि दुसऱ्या सकाळपर्यंत गुडघा पूर्ववत व्हायला हवा. सकाळीही जिना उतरताना दुखलं तर पुढचं धावणं एका टप्प्याने कमी. हा नियम त्यांना सगळ्यात जास्त आवडला, कारण "दुखलं म्हणजे बिघडलं" या समजातून त्या सुटल्या.

ताकदीचे व्यायाम आठवड्यातून तीनदा. कोनांची निवड जाणीवपूर्वक केली. उभ्याने बसण्याच्या व्यायामात गुडघा सरळ ते ४५ अंश या टप्प्यात वाटीमागचा ताण कमी असतो. बसून पाय सरळ करण्याच्या मशीनवर उलट आहे, तिथे ९० ते ४५ अंश हा टप्पा सोपा. म्हणून दोन्ही व्यायाम दिले, दोन्ही आपापल्या सुरक्षित टप्प्यात, आणि वजन दर आठवड्याला वाढवत नेलं. सुरुवातीला भिंतीला टेकून कमी वाकलेल्या स्थितीत थांबणंही होतं. खुब्यासाठी कुशीवर झोपून पाय उचलणं, रबरी बँड लावून आडवं चालणं आणि ब्रिज, म्हणजे पाठीवर झोपून कंबर उचलणं.

मांडीच्या आतल्या भागाला वेगळं "जागं" करणारा व्यायाम हवा, असं त्यांनी कुठेतरी वाचलं होतं. असा निवडक व्यायाम नाही. चारही भागांना एकच नस जाते आणि गुडघा सरळ करताना ते सोबतच काम करतात. वेळ तिथे घालवला नाही.

पावलांची गती मिनिटाला १५८ वरून १७० कडे नेली, म्हणजे साधारण सात-आठ टक्के. मेट्रोनोम (ठराविक तालात ठोके देणारं साधन) लावून आधी एकेक मिनिट, मग जास्त. पाच ते दहा टक्के वाढीने पाऊल शरीराच्या जवळ टेकतं आणि गुडघा व खुब्यावरचा भार कमी होतो. टाचेऐवजी चवड्यावर टेकायला मात्र सांगितलं नाही, तो भार पोटरी आणि टाचेच्या कंडरेवर जातो. शर्यतीआधी नवीन दुखणं नको होतं. वाटीला टेप पहिल्या काही दिवसांपुरती लावली, जिना उतरताना लगेच फरक पडला म्हणून.

पाचव्या आठवड्यातला अडथळा

चार आठवडे सुरळीत गेले. मग एका गुरुवारी वेदना थेट पाचवर. त्यांचा पहिला विचार होता, सगळं थांबवावं. नोंदवही उघडली. मंगळवारी संध्याकाळी जड वजनाचे व्यायाम, बुधवारी सकाळी ग्रुपसोबत थोडं जोरात धावणं आणि तेही जुन्या उताराच्या रस्त्याने, मग दिवसभर बैठका. बारा तासांत क्वाड्रिसेप्सला दोनदा पूर्ण कामाला लावलं आणि नंतर गुडघा वाकलेल्या स्थितीत तासन्‌तास ठेवला.

हा या प्रकरणातला सर्वांत महत्त्वाचा निर्णय होता. सगळं कमी केलं असतं तर कारण कळलं नसतं आणि चार आठवड्यांची ताकदही हातची गेली असती. म्हणून वजन तेवढंच ठेवलं, फक्त वेळापत्रक हलवलं. जड व्यायाम धावण्याच्याच दिवशी, धावून झाल्यावर, आणि दुसरा दिवस खरोखर मोकळा. बसताना दर अर्ध्या तासाने पाय सरळ करायचा. उताराला अजून चार आठवडे मनाई, आणि ग्रुपला स्पष्ट सांगायचं की बुधवारी मी वेगळ्या रस्त्याने जाणार. तीन दिवसांत वेदना दोनच्या खाली आली.

परिणाम

सहाव्या आठवड्याला नऊ किलोमीटर जमले, बारा नाही. ठरल्याप्रमाणे दहा किलोमीटरची शर्यत. त्या नाराज होत्या. पण निकष आधीच ठरला असल्याने वाद झाला नाही.

आठव्या आठवड्यात जिना उतरणं वेदनारहित झालं. बसून उठल्यावरचा जडपणा सर्वांत शेवटी गेला, तीन महिन्यांनी. दोन पायांतला ताकदीचा फरक २२ टक्क्यांवरून सहावर आला, उजव्या पायावर खुर्चीतून उठणं १६ वर. शर्यतीचे दहा किलोमीटर एकच्या वेदनेने झाले. उतार बाराव्या आठवड्यात परत आणला, आधी छोटे आणि सौम्य. पाच महिन्यांनी त्यांनी दुसरी एक हाफ मॅरेथॉन पूर्ण केली. शेवटच्या तीन किलोमीटरला गुडघा थोडा बोलला, दुसऱ्या सकाळी ठीक होता. एमआरआय करावा लागला नाही.

काय वेगळं करता येईल

सुरुवातीची तीन आठवड्यांची विश्रांती कुणीच चुकीच्या हेतूने सांगितली नव्हती. पण त्या काळात वेदना न देणाऱ्या टप्प्यातले व्यायाम आणि रोजचं चालणं सुरू ठेवलं असतं तर परतणं सोपं गेलं असतं. ताकद घटायला वेळ लागत नाही, विशेषतः दुखऱ्या गुडघ्याच्या मांडीत.

पावलांची गती आणि ताकद दोन्ही एकाच आठवड्यात बदलली. त्यामुळे सुधारणेचं श्रेय नेमकं कशाला, हे सांगता येत नाही. याच दुखण्याच्या धावपटूंवर २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत फक्त भार कसा सांभाळायचा हे शिकवलेला गट, आणि त्यासोबत व्यायाम किंवा धावण्याची ढब बदलणं दिलेले गट, या सगळ्यांत जवळपास सारखीच सुधारणा दिसली. असं प्रकरण पुन्हा आलं तर आधी फक्त भाराचं वेळापत्रक, ताकदीत स्पष्ट फरक असेल तर व्यायाम, आणि पावलांची गती राखून ठेवावी. सहा आठवड्यांनी गरज पडली तर तो पत्ता हातात असतो. या बाईंच्या बाबतीत २२ टक्क्यांचा फरक पाहता व्यायाम मी तरीही पहिल्या दिवशीच दिले असते.

यंत्र नसेल तर खुर्चीची चाचणी पुरते. दोन पायांत दुपटीचा फरक डोळ्यांनाही दिसतो, आणि रुग्णाला स्वतःला तो मोजता येतो.

ग्रुपला पहिल्या आठवड्यातच सामील करून घ्यायला हवं. बुधवारचा उतार त्यांनी हट्टाने घेतला नव्हता, सगळे तिकडे निघाले म्हणून त्या गेल्या. ग्रुप चालवणाऱ्याला आधी कल्पना असती तर सपाट रस्त्याची जोडी सहज मिळाली असती.

आणि पहिल्या भेटीत "किती किलोमीटर वाढवले?" यासोबत आणखी तीन प्रश्न विचारावेत: रस्ता बदलला का, वेग बदलला का, धावण्याशिवाय पायाला दिवसभरात आणखी काय पडतं. या बाईंना तिसरा प्रश्न विचारला गेला तो पाचव्या आठवड्यात, नोंदवही उघडल्यावर.

सध्या त्या आठवड्यातून दोनदा ताकदीचे व्यायाम करतात, शर्यतीच्या हंगामात एकदा. नवीन सरावचक्रात अंतर वाढवतात त्या आठवड्यांत उतार वाढवत नाहीत.